गच्चीवरचे विमान

दिवाळीच्या आधीची घरझाड ही पुरुषांच्या इभ्रतीवर टपलेली प्रथा आहे, असे माझे फार दिवसांचे मत आहे. वर्षभर आपण ज्या वस्तू मोठ्या शिताफीने दडवून ठेवतो — परत करायची राहिलेली ग्रंथालयाची पुस्तके, 'उद्या नक्की' म्हणून बाजूला सारलेली बिले, हौसेने घेतलेले आणि पहिल्या पानापुढे न सरकलेले ग्रंथ — त्या सगळ्या त्या एका दिवशी उन्हात मांडल्या जातात आणि त्यांवरून सौभाग्यवतींची नजर फिरते. यंदा मात्र माझे ग्रह बरे होते. माझ्या कपाटाकडे मोर्चा वळण्याआधीच चिरंजीवांच्या खाटेखालून कागदांची एक भलीमोठी गुंडाळी बाहेर आली आणि घराचे सारे लक्ष तिकडे लागले.

"हा काय किल्ल्याचा नकाशा?" हिने विचारले. दिवाळीत अंगणात नळदुर्ग उभा करायचा, त्यात पाणीमहाल करायचा आणि त्यातले पाणी दोन दिवसांत गळून जायचे, ही आमच्या घरची जुनी रीत. तेव्हा तिचा प्रश्न वाजवी होता.

"नाही, विमान आहे," चिरंजीव म्हणाले.

"कागदाचं?"

"ॲल्युमिनियमचं. दोन माणसं बसतील असं. गच्चीवर बांधायचं म्हणतोय."

हिने केरसुणी हातात तशीच धरून वर गच्चीकडे पाहिले, मनाशी थोडा हिशेब केला आणि विचारले, "मग कुरडया कुठं वाळत घालायच्या?"

मराठीच्या अध्यापनात माझी वीस वर्षे गेली. विनोदाची व्याख्या मी दर वर्षी पोरांना लिहून देतो. पण विमानविद्येच्या साऱ्या इतिहासात याहून चांगला प्रश्न कोणी विचारला असेल असे मला वाटत नाही. त्या दिवशी मी पोट धरून हसलो. तो प्रश्न किती गंभीर होता, हे मला पुढे आठ-दहा दिवसांनी कळले.

आमचे चिरंजीव बारावीला आहेत. शाखा अर्थातच विज्ञान. लहानपणापासून त्यांची मान आभाळाकडे. आमच्या धाराशिवला विमानतळ आहे, हे पुण्याच्या आमच्या नातेवाइकांना खरे वाटत नाही. धाराशिव म्हटले की त्यांना तुळजापूरची वाट आठवते आणि दुष्काळ आठवतो. पण विमानतळ आहे, धावपट्टी आहे. वेळापत्रकाने येणारी प्रवासी विमाने तेवढी तिथे उतरत नाहीत. एखादा मोठा पुढारी यायचा असला की त्या बाजूने घरघर ऐकू येते, आणि आमचे चिरंजीव हातातला घास ताटात टाकून गच्चीवर पळतात. थर्माकोलची विमाने करून ती महाविद्यालयाच्या मैदानावर उडवणे हा त्यांचा जुना उद्योग. त्यांतले एक प्राचार्यांच्या खिडकीतून आत गेले, तेव्हा ते 'कोणाचे तरी' आहे असे मी म्हणालो होतो. पण थर्माकोलपासून ॲल्युमिनियमपर्यंतची मजल ते इतक्या लवकर मारतील, याची मला कल्पना नव्हती.

"असं कोणी घरी विमान बांधतं का रे?" मी विचारले.

"बांधलंय की, कांदिवलीत," असे म्हणून त्यांनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

कॅप्टन अमोल यादव यांची हकीकत आपल्यापैकी पुष्कळांनी त्या वेळी वर्तमानपत्रांतून वाचली असेल. मीही वाचली होती आणि विसरलो होतो. मुंबईला कांदिवलीच्या चारकोप भागात त्यांचे पाच मजली घर. घरात एकत्र कुटुंब, माणसे एकोणीस. गृहस्थ व्यवसायाने वैमानिक. पण दुसऱ्याने बांधलेले विमान चालवून त्यांचे समाधान होईना. त्यांनी घराच्या गच्चीवर सहा आसनांचे विमान बांधायला घेतले. त्याआधीचे दोन प्रयत्न वाया गेलेले, हा तिसरा. इमारतीला लिफ्ट नाही. लेथ, कॉम्प्रेसर, वेल्डिंगची यंत्रे आणि परदेशातून आणलेले जवळजवळ १८० किलोचे इंजिन — सारे काही अरुंद जिन्याने वर गेले. सुमारे सहा वर्षे काम चालले. २०१६ च्या फेब्रुवारीत वांद्रे-कुर्ला संकुलात 'मेक इन इंडिया'चे प्रदर्शन भरले, तेव्हा ते विमान सुटे करून क्रेनने खाली उतरवले आणि तिथे नेऊन पुन्हा जोडले. लोक पाहायला लोटले. पण विमान पाहणे निराळे आणि उडणे निराळे. कागदपत्रे, नियम, तपासण्या यांत आणखी काळ गेला. २०१७ च्या नोव्हेंबरात त्याची नोंदणी होऊन त्याला 'व्हीटी-एनएमडी' ही अक्षरे मिळाली, २०१९ साली उड्डाणचाचणीची परवानगी मिळाली, आणि २०२० साली धुळ्याच्या धावपट्टीवरून ते आकाशात गेले.

हे सगळे चिरंजीव मला इंजिनाच्या आणि पंखांच्या अंगाने सांगत होते. माझे मन मात्र त्या जिन्यावरून हलत नव्हते. १८० किलोचे इंजिन अरुंद जिन्याने वर जात असताना प्रत्येक मजल्यावर कोणाला तरी दार लोटून घ्यावे लागले असेल. कोणाच्या तरी अभ्यासात, कोणाच्या दुपारच्या झोपेत गच्चीवरची ठोकाठोक गेली असेल. एकोणीस माणसांच्या घराने सहा वर्षे आपली गच्ची देऊन टाकली! आमच्याकडे पाहुणा आला तर चार दिवसांत पलंगाच्या वाटणीवरून कुरबूर सुरू होते.

पुढच्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर आमच्याकडे विमानाखेरीज दुसरा विषय नव्हता. घरी विमान बांधण्याचे जगात दोन मार्ग आहेत, असे मला कळले. एक यादवांसारखा, म्हणजे सारे आपणच रचायचे. दुसरा संचाचा. कारखाना पंखांच्या फासळ्या, पत्रे, कण्या, खिळे असे सगळे भाग कापून, भोके पाडून पेट्यांत भरून पाठवतो. आपण सोबतच्या पुस्तकाप्रमाणे ते जोडायचे. अमेरिकेत ऑरेगॉन राज्यात १९७३ पासून असे संच करणारी व्हॅन्स नावाची एक कंपनी आहे; तिच्या संचांतून घरोघरी बांधलेली दहा हजारांहून अधिक विमाने आजवर उडाली आहेत. दोन आसनांचे विमान जोडायला दीड-दोन हजार तास लागतात. नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि रविवारी काम करायचे म्हटले, तर तीन-चार वर्षे सहज जातात. लंडनजवळ राहणाऱ्या एका केरळी अभियंत्याने टाळेबंदीच्या काळात दक्षिण आफ्रिकेहून असा संच मागवला, चार आसनांचे विमान बांधले आणि त्याला आपल्या धाकट्या मुलीचे नाव दिले, ही हकीकतही त्यातच निघाली.

"पण सगळे भाग तयार आले, तर ते विमान घरी केलेले कसे म्हणायचे?" मी शंका काढली.

"अमेरिकेत कायदाच आहे, बाबा. निम्म्याहून जास्त काम बांधणाऱ्यानं स्वतः केलेलं पाहिजे. तेही शिकण्यासाठी किंवा हौसेसाठी. तरच ते घरगुती."

"म्हणजे भाजणी विकतची चालेल, पण चकली घरी पाडलेली हवी," हिने खुलासा केला. त्या कायद्याचा इतका सुबोध अनुवाद दिल्लीच्या कोणत्याही कार्यालयाला जमला नसता.

असे आमचे हसतखेळत चालले होते. खरे सांगायचे तर मी मनातून निर्धास्त होतो. संचाची किंमत लाखांच्या घरात. माझ्या पगारात विमानाचे शेपूटसुद्धा येणार नाही. पोरगा अभियांत्रिकीला जाईल, नोकरीला लागेल, पुढे काय ते पाहील. गच्ची तूर्त कुरडयांचीच राहणार होती.

वसुबारसेच्या आदल्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या वेल्डिंगच्या दुकानावरून चाललो होतो. दुकानदाराने हाक मारली.

"सर, जरा थांबा की. तुमच्या पोरानं माझ्याकडं इंजन आणून टाकलंय. जुन्या मोटारसायकलचं. त्याला पंखा बसवायचा अन् खाली चौकट जोडून द्या म्हणायलाय. सुट्टीत माळावर नेऊन बघणार म्हणे. म्हटलं, सरांस्नी ठावं आहे का नाही?"

सरांना ठाऊक नव्हते. इंजिन दुकानाच्या कोपऱ्यात पोत्यावर ठेवलेले होते. त्याच्याशेजारी लाकडाचा घडवलेला एक पंखा होता, चांगला गुळगुळीत घासलेला. तो मी ओळखला. आमच्या घरातल्या मोडक्या पलंगाची ती बाजूची फळी होती.

मी घरी आलो. कोणाला काही बोललो नाही.

आम्ही मराठी माणसे मुलाला 'चिरंजीव' म्हणतो. लग्नपत्रिकेत लिहितो, पत्राच्या मायन्यात 'चि.' असे एका अक्षरात उरकतो, आणि या लेखात मी आतापर्यंत केले तसे थट्टेतही वापरतो. वर्गात मी तत्सम शब्द शिकवताना त्याचा विग्रह कितीदा तरी फळ्यावर लिहिला असेल. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर तो शब्द मला पहिल्यांदा पुरता ऐकू आला. चिर जगणारा. आपण मुलाला हाक मारत नाही. आपण दर वेळी देवापाशी एक अर्ज करतो.

आणि मला फुलसावंगी आठवली. यवतमाळ जिल्ह्यातल्या महागाव तालुक्यातले हे गाव. तिथल्या चोवीस वर्षांच्या एका तरुणाने, पत्र्याचे आणि वेल्डिंगचे काम करता करता, एका माणसापुरते हेलिकॉप्टर बांधले होते. शाळा आठवीपर्यंत, बाकीचे शिक्षण मोबाइलवरच्या चित्रफितींचे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये एका रात्री त्याने ते चालू करून पाहिले. शेपटीकडचा पंखा तुटला, तो वरच्या मोठ्या पंख्यावर आदळला आणि त्या पंख्याचा तडाखा त्याच्या डोक्याला बसला. स्वातंत्र्यदिन चार-पाच दिवसांवर होता. त्या मुलाला अक्कल नव्हती असे कोणी म्हणेल तर ते खोटे आहे. त्याच्यापाशी अक्कल होती, हात होता, चिकाटी होती. त्याच्या कामावर शेवटचा हात फिरवण्याआधी "थांब, हे मला एकदा बघू दे" असे म्हणणारा जाणता माणूस तेवढा त्याच्या जवळपास नव्हता.

घरी केलेली वस्तू कशी दगा देते, हे मला ऐकून माहीत नाही. माझे आजोळ सास्तूरच्या बाजूला. तिथे आजोबांचे माळवद होते. भिंती दोन-दोन हात रुंद, दगडाच्या आणि मातीच्या. वर लाकडी तुळया आणि त्यांवर मातीचे जाड धाबे. आजोबांनी आणि त्यांच्या भावांनी ते घर स्वतःच्या हातांनी रचलेले. उन्हाळ्यात आत गेले की अंग निवत असे. धाबे गळू नये म्हणून दर वर्षी पावसाळ्याआधी आजोबा त्यावर मातीचा नवा थर चढवत. मी लहान असताना त्या मातीत पाणी घालून ती तुडवायला मला मोठी गंमत वाटे. घराची इतकी काळजी घेणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चार वाजायच्या सुमारास जमीन हलली. किल्लारीचे नाव सगळ्या जगाला कळले. सास्तूर आणि आमची ती बाजूही तशीच बसली. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसे दमून झोपलेली होती. मी चौदा वर्षांचा होतो. आम्ही धाराशिवहून पोचलो तेव्हा माळवदाच्या जागी दगडमातीचा ढीग होता. आजोबा त्या रात्री शेतात होते म्हणून राहिले. आजी घरात होती.

नंतर मोठमोठे जाणकार आले आणि त्यांनी सांगितले की, असल्या भिंतींना मातीचा जोड पुरत नाही, कोपऱ्यांत दगड एकमेकांत गुंतलेले नसतात, आणि डोक्यावरचे ओझे फार असते. ते ओझे आजोबांनी दर वर्षी एकेक थर करून, काळजीपोटी वाढवले होते. ते त्यानंतर सहा वर्षे जगले. पण घर या विषयावर पुन्हा एक शब्द बोलले नाहीत. प्रेमाने बांधले म्हणजे पक्के बांधले असे होत नाही, एवढे मात्र त्यांच्या त्या मुकेपणाने मला शिकवले.

तर मग काय करायचे? 'नाही' म्हणायचे? माझ्या 'नाही'ने ते इंजिन त्या दुकानातून दुसऱ्या दुकानात गेले असते, आणि मग मला सांगायला कोणी वेल्डर रस्त्यात उभा राहिला नसता.

धनत्रयोदशीला मी मुलाला म्हणालो, "चल, तेरला जाऊन येऊ." तो आला. मोटारसायकलवर मागे बसून तो सबंध वाटेत एक शब्द बोलला नाही. दुकानातली गोष्ट माझ्या कानावर आली आहे, हे त्याला कळले असावे.

तेर हे गोरोबाकाकांचे गाव. तेरणेच्या काठी त्यांची समाधी आहे. दर्शन घेऊन आम्ही नदीकडे तोंड करून बसलो. काकांची कथा त्याला सांगायला हवी होती असे नाही. आमच्या भागात ती लेकराला दुधाबरोबर मिळते. चिखल तुडवताना विठ्ठलनामात देहभान हरपले आणि रांगत आलेले स्वतःचे मूल पायांखाली गेले. देवाने ते परत दिले, असे कथा सांगते.

"मला ही कथा लहानपणी भक्तीची वाटायची," मी म्हणालो. "आता तिची भीती वाटते. माणूस एखाद्या कामात इतका बुडतो, की पायाखाली काय आलं तेही त्याला कळत नाही."

तो गप्प राहिला. मग मी त्याला माळवदाची हकीकत सांगितली. आजी भूकंपात गेली एवढे त्याला ठाऊक होते. दरसालच्या मातीच्या थरांचे मी त्याला कधीच सांगितले नव्हते. कोणालाच सांगितले नव्हते.

बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "बाबा, असं एक विमानही होतं." आणि त्याने मला आँरी मिन्ये नावाच्या फ्रेंच माणसाची गोष्ट सांगितली. १९३३ साली या माणसाने एक लहानसे विमान बांधले आणि पुढच्या वर्षी पुस्तक काढून साऱ्या जगाला त्याची कृती देऊन टाकली. ज्याला खोके ठोकता येते त्याला हे विमान बांधता येईल, असा त्याचा दावा होता. ते स्वतः तो उत्तम चालवी. फ्रान्सात, इंग्लंडात शेकडो लोकांनी आपापल्या कोठारांत ते बांधायला घेतले. आणि मग माणसे मरू लागली. विमान नाक खाली करून जमिनीकडे जाई आणि वर येतच नसे. शेवटी मोठ्या वातबोगद्यांत त्याची परीक्षा झाली, तेव्हा कळले की नाक एका मर्यादेपलीकडे खाली गेले की त्याचे पुढचे-मागचे दोन पंख एकमेकांचा वारा बिघडवतात, आणि दांडा कितीही ओढला तरी काही उपयोग होत नाही. १९३६ साली त्यावर बंदी आली.

"म्हणजे ज्यानं केलं त्यालाच कळलं नव्हतं," मी म्हणालो.

"त्याला कसं कळणार? ते त्याचंच होतं ना."

हे वाक्य त्याने सहज टाकले; पण मला काकांची दुसरी कथा आठवली, आणि ती त्यालाही आठवली असावी, कारण आम्ही दोघेही एकदमच हसलो. संतांचा मेळा जमला असताना मुक्ताबाईंनी गोरोबांना विचारले की, या मडक्यांतले पक्के कोणते आणि कच्चे कोणते, ते तुम्ही कुंभार आहात, सांगा. काकांनी थापटणे उचलले आणि एकेकाच्या डोक्यावर हाणत गेले. बाकीचे सोसून बसले. नामदेवांना राग आला. आणि काका म्हणाले, हे मडके कच्चे आहे. एवढा मोठा भक्त! पण त्यांनाही दुसऱ्याच्या हातचे थापटणे खावेच लागले.

"तुझ्या त्या घरगुती विमानांना थापटणं कोण मारतं?" मी विचारले.

मग त्याची कळी खुलली. परदेशात हौशी विमानकारांच्या मंडळ्या असतात. पंखाचा पत्रा कायमचा बंद करण्याआधी त्यांतला अनुभवी माणूस येऊन आतला सांधा न् सांधा पाहून जातो. प्रत्येक दिवसाचे काम वहीत लिहावे लागते. सरकारी तपासनीस पाहतो. त्यानंतरही अमेरिकेत पहिले पंचवीस-चाळीस तास ते विमान ठरलेल्या टापूतच उडवायचे, शेजारी प्रवासी घ्यायचा नाही. पुढे प्रवासी घेतला तरी 'प्रायोगिक' अशी पाटी त्याच्या डोळ्यांपुढे लावावीच लागते. आपल्याकडे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या परवानगीशिवाय जमीन सोडता येत नाही. हे सगळे त्याला तोंडपाठ होते.

"आणि मोटारसायकलच्या इंजिनाला?"

त्याने मान खाली घातली. "त्याला कोणी नाही."

त्या नदीकाठी आमचा तह झाला. कलमे दोनच. पहिले, जमीन सोडणारी किंवा गरगर फिरणारी कोणतीही वस्तू जाणत्या माणसाने थापटून पाहिल्याखेरीज चालू करायची नाही. दुसरे, मी त्याला 'हे सोड' असे कधी म्हणायचे नाही. पहिले कलम त्याला जड गेले. दुसरे मला किती जड गेले, ते मी त्याला सांगितले नाही.

इंजिन अजून त्या दुकानात पोत्यावरच आहे. पंख्याची फळी मात्र घरी परत आली आहे. पलंगाला ती आता बसत नाही.

पाडव्याच्या दिवशी गच्चीवर कामाचा मुहूर्त झाला. विमानाचा नव्हे, रिव्हेटचा. विमानाचे पत्रे हजारो रिव्हेटांनी जोडलेले असतात, आणि ते ठोकता येणे ही या विद्येची बाराखडी. बाजारातून पत्र्याचे तुकडे आणि मूठभर ॲल्युमिनियमचे रिव्हेट आणले. हे काम एकट्याचे नव्हे, हे मला तेव्हा कळले. एकाने बाहेरून ठोकायचे आणि दुसऱ्याने पत्र्याच्या मागून लोखंडाचा ठोकळा घट्ट दाबून धरायचा. त्या ठोकळ्यावर रिव्हेटचे शेपूट चेपून त्याचे डोके बनते. ठोकळा सरळ धरला नाही तर डोके वाकडे होते. मला आयुष्यात भिंतीत खिळा नीट मारता आलेला नाही, हे आमच्या घरातले सर्वमान्य सत्य आहे. तेव्हा ठोकायला चिरंजीव आणि ठोकळ्याला मी.

नियम असा, की मागे बनलेले डोके रिव्हेटच्या जाडीच्या दीडपट रुंद आणि निम्मे उंच हवे. कमी नको, जास्त नको. तपासणीचे काम मी मागून घेतले, कारण तेवढेच मला येते. पेपर तपासायचा लाल पेन घेतला आणि पट्टी लावून एकेक रिव्हेट पाहत गेलो. पहिल्या दिवशी चाळीस ठोकले. मी अकरांवर लाल फुली मारली. वर्गात मी इतका कठोर नाही. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने आजवर कोणी दगावलेले नाही, म्हणून एखादा गुण मी सोडूनही देतो. इथे सोडला नाही. त्याने कुरकूर न करता अकराही रिव्हेट ड्रिलने पोखरून काढले आणि पुन्हा ठोकले. दुसऱ्या खेपेला चार फुल्या आल्या. त्यांतल्या दोन माझ्या ठोकळ्यामुळे होत्या. त्या त्याने मला बोलून दाखवल्या.

काम करता करता त्याने मला राइट बंधूंच्या वडिलांची गोष्ट सांगितली. ते पाद्री होते. हत्यारे चालवण्याचे कसब त्या घरात आईचे. पण १८७८ साली मुलांना रबराच्या पिळावर उडणारे एक खेळणे आणून दिले, ते वडिलांनी. पुढे १७ डिसेंबर १९०३ ला मुलांचे विमान पहिल्यांदा उडाले — बारा सेकंद, एकशे वीस फूट — तेव्हा ते शेकडो मैल दूर आपल्या घरी होते. दोघा मुलांनी एकाच विमानात बसायचे नाही, असे त्यांनी वचन घेतले होते. एकाला काही झाले तर दुसरा उरावा म्हणून. ते वचन त्यांनी २५ मे १९१० रोजी एका उड्डाणापुरते सोडवले. त्याच दिवशी धाकट्याने, ऑर्व्हिलने, वडिलांना आपल्या शेजारी बसवून वर नेले. वय वर्षे एक्क्याऐंशी. त्यांचे ते आयुष्यातले पहिले विमान. आता घाबरतील, मग घाबरतील म्हणून मुलगा त्यांच्याकडे पाहत होता. आणि म्हातारबुवा त्याच्या कानाशी वाकून सांगत होते, की आणखी वर घे.

"तुम्ही बसाल का, बाबा?" त्याने विचारले.

मी ठोकळा सरळ करत होतो. "आधी हा रिव्हेट नीट बसू दे," मी म्हणालो.

इतक्यात ही वर आली. तिने आमचा पसारा पाहिला, फुल्या मारलेला पत्रा उचलून उन्हात धरला, माझ्या नजरेतून सुटलेला एक वाकडा रिव्हेट बोटाने दाखवला आणि पत्रा परत ठेवला. मग तिने पदराआड आणलेली रांगोळीची वाटी काढली आणि गच्चीच्या मधोमध, या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत, एक सरळ रेघ ओढली.

"ती बाजू विमानाची," ती म्हणाली, "आणि ही कुरडयांची. रेघ ओलांडायची नाही."

मी पट्टी लावून पाहिली नाही. पण विमानाकडची बाजू चांगली दोन हात मोठी होती.